मेंदूच्या प्राणवायूचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



'जोरजोरात श्वास घ्या, मेंदूला भरपूर प्राणवायू मिळेल.' हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलेलं असणार. मैदानावरच्या सकाळच्या वर्गात, टीव्हीवर, परीक्षेआधी मुलांना दिलेल्या सल्ल्यात, आणि आमच्या कामशेत स्टेशनवर लोकलची वाट पाहणाऱ्या मंडळींच्या गप्पांतसुद्धा ते भेटतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. प्रश्न एवढाच, की ते खरं आहे का? हा प्रश्न श्रद्धेचा नाही आणि मताचाही नाही. तो हिशेबाचा आहे, आणि त्यातला निम्मा हिशेब शाळेतल्या गुणाकार-भागाकाराने होतो. उरलेला निम्मा मात्र जरा खोल आहे. त्यासाठी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एका गणितज्ञाकडे जावं लागतं. त्याच्याकडे आपण जाऊच, पण आधी घरचा हिशेब.

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा. म्हणजे शरीराच्या वजनाचा जेमतेम २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा प्राणवायू वापरतं, त्यातला सुमारे २० टक्के हा एकटा खातो. दर १०० ग्रॅम मेंदूतून मिनिटाला सुमारे ५० मिलिलीटर रक्त वाहतं, म्हणजे सगळ्या मेंदूतून ७०० मिलिलीटर, आणि त्यातून मेंदू मिनिटाला ४८ मिलिलीटरच्या आसपास प्राणवायू काढून घेतो. कटिंग चहाच्या पेल्यात मावेल एवढाच हा वायू. पण मेंदूला साठा करण्याची सोय जवळजवळ नाही. रक्त पूर्ण थांबलं तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते, आणि चार-पाच मिनिटांत कायमचं नुकसान सुरू होतं. हातावर पोट असलेल्या माणसासारखी ही स्थिती आहे. रोज आणायचं, रोज खायचं.

आता हा प्राणवायू जोरात श्वास घेतल्याने वाढतो का, हे मोजण्याचा खटाटोप जगात फार लवकर जिथे झाला, ते ठिकाण कामशेतहून दोनच स्टेशनांवर आहे. लोणावळ्याचं कैवल्यधाम. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी ते स्थापन केलं. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. योगाला त्यांनी नुसता नमस्कार केला नाही, तर क्ष-किरण यंत्रासमोर उभं केलं, दाबमापक जोडले, आणि निष्कर्ष 'योगमीमांसा' या आपल्या नियतकालिकात छापले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी प्राणायामात आत घेतलेला प्राणवायू आणि बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड यांचं मोजमाप हाती घेतलं. निघालेला निष्कर्ष प्राणायामाच्या प्रचारकाला सोयीचा नव्हता. प्राणायामात नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त प्राणवायू शोषला जातो, ही समजूत खरी नाही, असं स्वामीजींनी स्पष्ट सांगितलं. श्वास मंदावला की एकूण प्राणवायू उलट कमीच जातो, आणि प्राणायामाचं मोल प्राणवायूत नसून मज्जासंस्थेला मिळणाऱ्या वळणात आहे, अशी त्यांची मांडणी होती. ज्यांनी आयुष्य योगाला वाहिलं, त्यांनीच हे लिहावं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. दुर्दैवाने त्यांचं हे वाक्य लोणावळ्याहून खाली मैदानावरच्या वर्गांपर्यंत अजून पोचलेलं दिसत नाही.

असं का होतं? कारण रक्त आधीच भरलेलं असतं. प्राणवायू रक्तात वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर सुमारे १.३४ मिलिलीटर प्राणवायू धरतं. १०० मिलिलीटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन धरा, म्हणजे २० मिलिलीटर झाले. रक्ताच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू याच्या पुढे अगदीच किरकोळ, ०.३ मिलिलीटर. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन फुप्फुसातून बाहेर पडतानाच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या काळात घराघरांत बोटाला चिमटा लावून आपण हाच आकडा बघत होतो. आता ९७चे ९९ झाले तर भर किती पडली? १०० मिलिलीटर रक्तामागे अर्धा मिलिलीटरसुद्धा नाही. भरलेल्या एसटीत आणखी एक माणूस उभा करावा, तेवढीच.

हिमोग्लोबिन किती भरतं ते प्राणवायूच्या दाबावर ठरतं. या दोहोंचा आलेख डेन्मार्कच्या ख्रिश्चन बोर यांनी १९०४ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर मांडला. (पुढे अणूमुळे गाजलेल्या नील्स बोर यांचे हे वडील.) हा आलेख आपल्या भागातल्या माणसाला समजावायला फार सोपा आहे. तळेगाव, कामशेत, मळवली, लोणावळा, खंडाळा असा पठारावरून प्रवास करा. उंचीत फारसा फरक जाणवत नाही. खंडाळा ओलांडलं की बोरघाट लागतो आणि गाडी थेट कोकणात उतरते. हिमोग्लोबिनचं तसंच आहे. प्राणवायूचा दाब १०० मिलिमीटरवरून ६० पर्यंत उतरला तरी हिमोग्लोबिन ९० टक्के भरलेलं राहतं. हे पठार. तिथून पुढे घाट लागतो. दाब ४० असताना ७५ टक्के, आणि २७ असताना निम्मंच. बोर आणि बोरघाट हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा. कामशेतच्या डोंगरांवरून पॅराग्लायडिंग करणाऱ्या मंडळींना प्राणवायूची चिंता करावी लागत नाही, ती या पठारामुळेच. आणि बोटावरचा आकडा ९० च्या खाली गेला की डॉक्टर का धावपळ करत होते, तेही यातूनच कळतं. तिथून उतरण सुरू झालेली असते.

गणिती प्रारूप म्हणजे काय, तर खऱ्या गोष्टीतल्या महत्त्वाच्या राशी निवडायच्या आणि त्यांचं परस्परांशी नातं समीकरणात बांधायचं. आपलं पहिलं प्रारूप अगदी बाळबोध आहे. मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा म्हणजे रक्ताचा प्रवाह गुणिले रक्तातला प्राणवायू. झालं! सगळे जण दुसऱ्या राशीकडे बघतात, आणि ती तर आधीच काठोकाठ भरलेली आहे. पहिलीकडे कोणी बघत नाही.

मेंदूकडे किती रक्त जायचं, हे ठरवण्यात कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा आहे. आपण ज्याला टाकाऊ वायू म्हणून हिणवतो, तो मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंद ठेवतो. त्याचा रक्तातला दाब नेहमी ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. या टापूत तो १ मिलिमीटरने उतरला की मेंदूचा रक्तप्रवाह साधारण ३ टक्क्यांनी कमी होतो. आता जोरजोरात, खोल आणि भराभर श्वास घ्या. प्राणवायू फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मात्र भराभर बाहेर पडतो. त्याचा दाब ४० वरून ३० वर आला असं समजू. प्रवाह ३० टक्क्यांनी घटला, म्हणजे ०.७ पट राहिला. रक्तातला प्राणवायू फार तर अडीच टक्क्यांनी वाढला, म्हणजे १.०२५ पट झाला. गुणाकार करा. उत्तर येतं ०.७२. मेंदूचा पुरवठा २८ टक्क्यांनी कमी झाला! भरीला आणखी एक अडचण, तीही बोर यांनीच दाखवलेली. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवतं, सहजी सोडत नाही. जोरात श्वास घेतल्यावर डोकं हलकं होतं, हातापायांना मुंग्या येतात. पुष्कळांना वाटतं की हा प्राणवायू मेंदूत पोचल्याचा पुरावा. घेरीचा अर्थ मात्र उलटा आहे.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४५ मध्ये जिवंत, जागत्या माणसाच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजण्याची युक्ती काढली. शस्त्रक्रियेत भुलीसाठी वापरतात तो नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, थोडा थोडा हुंगायला द्यायचा, आणि मेंदूकडे जाणाऱ्या व मेंदूकडून परतणाऱ्या रक्तात तो किती भरतो, याचे नमुने दहा मिनिटं घेत राहायचं. दोन आलेखांमधल्या जागेवरून प्रवाह काढता येतो. दुसऱ्याच वर्षी त्यांनी तरुण, धडधाकट माणसांना जोरजोरात श्वास घ्यायला लावून मोजलं, आणि प्रवाह चांगलाच घटलेला दिसला. मेंदूचे शल्यविशारद याचा उपयोगही करत आले आहेत. डोक्याला मार लागून मेंदू सुजला की श्वासयंत्राचा वेग वाढवायचा, रक्तवाहिन्या आक्रसतात, कवटीतला दाब उतरतो. पण आता हा उपाय अगदी थोड्या वेळापुरता आणि जपून करतात. कारण तेच. दाब उतरतो, पण पुरवठाही उतरतो.

प्राणायाम करणाऱ्या श्रोत्यांनी नाराज होऊ नये. मी बोलतोय ते घाईच्या, दमछाकीच्या श्वासाबद्दल. सावकाश, लांबवलेल्या श्वासाचा हिशेब वेगळा, आणि त्याने मन शांत होतं याचा अनुभव लाखो लोकांना आहे. माझा आक्षेप आहे तो प्राणवायूचं चुकीचं कारण चिकटवण्याला.

आणि या चुकीच्या कारणाने जीव जातो, म्हणून जरा थांबून एक गोष्ट सांगतो. मावळात पाण्याला तोटा नाही. पवना धरण आहे, वडिवळे आहे, इंद्रायणीचे डोह आहेत. उन्हाळ्यात पोरं पोहायला जातात, आणि पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याची पैज लागते. पैज जिंकण्याची 'युक्ती' एक जण दुसऱ्याला शिकवतो: बुडी मारण्याआधी दहा-पंधरा मोठे मोठे श्वास घे. याने खरोखरच जास्त वेळ राहता येतं. पण का? श्वास कोंडल्यावर आपल्याला जी घुसमट होते, ती मुख्यतः प्राणवायू संपल्याची नसते. ती कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. शरीराची धोक्याची घंटा त्या वायूला जोडलेली आहे. मोठे श्वास घेऊन मुलाने तो वायू आधीच बाहेर घालवला, म्हणजे घंटेची तारच कापली. प्राणवायूची शिल्लक थोडीशीच वाढलेली असते, आणि ती पोहण्याच्या श्रमात भराभर संपते. आपण घाटात किती खाली आलो हे त्याला कळतच नाही. घंटा वाजण्याआधीच मेंदूचा दिवा विझतो. धडपड नाही, हाक नाही. चांगला पोहणारा मुलगा शांतपणे तळाशी जातो. अमेरिकेतले अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ साली अशा बेशुद्धीची कारणमीमांसा मांडली, आणि जलतरण शिकवणारे जाणते प्रशिक्षक तेव्हापासून या युक्तीला सक्त मनाई करत आले आहेत. श्रोत्यांपैकी ज्यांची मुलं नदीवर जातात, त्यांनी आज संध्याकाळी एवढं एक घरी सांगावं.

याच घंटेचा आणखी एक हिशेब लोणावळ्याला झालेला आहे. जमिनीत पुरून घेऊन समाधी लावण्याचे प्रयोग गावोगाव लोकांनी पाहिलेले असतात. कैवल्यधामातल्या पी. व्ही. करंबेळकर, एस. एल. विनेकर आणि एम. व्ही. भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात माणसं ठेवून त्यांच्या श्वसनाचा अभ्यास केला, आणि १९६८ मध्ये तो इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध झाला. खड्डा खरोखर हवाबंद करणं, हीच त्यातली महत्त्वाची गोष्ट. कारण माती हवा पाझरू देते. आपण कागदावर करून पाहू. समजा खड्ड्यात ४००० लिटर हवा आहे. तिच्यात साधारण ८४० लिटर प्राणवायू. विश्रांतीत माणूस तासाला १५ लिटर वापरतो. हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर यायला १६ तास लागतील. तेवढ्या वेळात कार्बन डायऑक्साइड ५ टक्क्यांच्या घरात जाईल, आणि खरी घुसमट त्याची असेल. म्हणजे रात्रभर आत राहून सकाळी बाहेर येणं, यात चमत्कार नाही, भागाकार आहे. शांत पडून राहिलं तर गरज आणखी उतरते. दिल्लीच्या एम्समध्ये रामानंद योगी यांना हवाबंद पेटीत बसवून मोजलं, तेव्हा त्यांची प्राणवायूची गरज विश्रांतीतल्या नेहमीच्या गरजेच्याही बरीच खाली गेलेली दिसली. हे मात्र कौतुकाचं आहे.

आता कोपनहेगन.

रक्त मेंदूत पोचलं, इथवर आलो. पण पेशी रक्तात नाहीत, त्या वाहिनीच्या बाहेर आहेत. शेवटचा टप्पा प्राणवायूला एकट्याने, विसरणाने करावा लागतो. पाण्यात शाईचा थेंब पसरतो, तसा. विसरणाचा नियम विचित्र आहे. अंतर दसपट झालं की वेळ शंभरपट होतो. २० मायक्रॉन अंतर, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पाव हिस्सा, प्राणवायू सेकंदाच्या दहाव्या भागात कापतो. पण एक सेंटिमीटर जायला त्याला सात तासांच्या आसपास लागतील! म्हणून प्रत्येक पेशीच्या अगदी दारात नळ लागतो. हा नळ म्हणजे केशवाहिनी. माणसाच्या मेंदूतल्या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर त्यांची लांबी सहाशेएक किलोमीटर भरेल, असा अंदाज आहे.

ऑगस्ट क्रो हे बोर यांचेच शिष्य. स्नायूमधल्या केशवाहिन्या त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या आणि स्वतःला प्रश्न विचारला: दोन वाहिन्यांमध्ये एवढं अंतर असेल, तर मधल्या पेशीपर्यंत प्राणवायू रेटायला किती दाब लागेल? त्यांनी एक चित्र कल्पिलं. प्रत्येक केशवाहिनी सरळ नळी आहे, आणि तिच्याभोवतीचा मांसाचा एक दंडगोल फक्त तिच्यावर अवलंबून आहे. उसाच्या कांड्याच्या मधोमध बारीक भोक असावं, तसं. चित्र सुरेख होतं, पण समीकरण सुटेना. तेव्हा ते सोडवून दिलं आग्नर क्रारुप एरलांग यांनी. हे एरलांग १९०८ पासून कोपनहेगन टेलिफोन कंपनीत होते. गावातून एकाच वेळी किती लोक फोन करतील, आणि फोन अडू नयेत म्हणून तारा किती टाकाव्यात, याचं शास्त्र त्यांनी घडवलं. टेलिफोनच्या वर्दळीच्या एककाला आज त्यांचंच नाव आहे. १९१९ मध्ये क्रो यांचा निबंध आला, त्यात एरलांग यांचं सूत्र होतं. पुढच्याच वर्षी क्रो यांना केशवाहिन्यांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. फोनचं गणित आणि प्राणवायूचं गणित एकच होतं असं मात्र समजू नका. गणितं वेगळी, माणूस एक.

सूत्र शब्दांत सांगायचं तर असं: वाहिनीपासून दंडगोलाच्या काठापर्यंत जाताना प्राणवायूचा दाब किती उतरेल, हे पेशींची भूक किती आणि काठ किती दूर यावर ठरतं. भूक दुप्पट झाली तर उतार दुप्पट. अंतर दुप्पट झालं तर मात्र उतार चौपट, किंबहुना थोडा जास्तच. म्हणून नाजूक जागा कोणती? वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, आणि तिथेही काठावरची. रक्त तिथे येईपर्यंत अर्धवट रिकामं झालेलं, आणि पेशी सर्वांत लांब. नाणे मावळात भाताची खाचरं डोंगरउतारावर एकाखाली एक उतरत जातात. पाणी वरच्यातून खालच्यात येतं. पाऊस ताणला की आधी कोणतं खाचर भेगाळतं, ते शेतकऱ्याला विचारावं लागत नाही. मेंदूत हेच खालचं, बांधाकडचं खाचर. रक्तदाब उतरला, वाहिनी चोंदली, की पहिला फटका तिथे.

अर्थात मेंदू काही ऊस नव्हे. त्यातल्या केशवाहिन्या सरळ नसतात, जाळ्यासारख्या गुंतलेल्या असतात. शिवाय प्राणवायू फक्त केशवाहिन्यांतून उतरतो, हे गृहीतही पुरतं खरं निघालं नाही. डलिंग आणि बर्न यांनी १९७० मध्ये दाखवलं, की तो आधीच्या बारीक रोहिण्यांच्या भिंतींतूनही निसटत असतो. मेंदूसाठी हा हिशेब नीट मांडणाऱ्यांत एक भारतीय गणितज्ञ आहेत, दिल्ली आयआयटीचे मैथिली शरण. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अलेक्झांडर पोपेल आणि इतरांबरोबर त्यांनी १९८९ साली मेंदूच्या सूक्ष्म रक्ताभिसरणाचं प्रारूप प्रसिद्ध केलं. वाहिन्यांचे जाडीप्रमाणे कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्प्यात किती प्राणवायू आला, किती झिरपला, किती पुढे गेला याचा ताळेबंद ठेवायचा, अशी त्याची रीत. याच शरण यांनी पुढे भोपाळची विषारी वायुगळती वातावरणात कशी पसरली असेल, याचंही गणित केलं. एक वायू जीव देणारा, एक घेणारा. पण दोन्हीकडे पसरण्याचं समीकरण एकाच घराण्यातलं.

या प्रारूपांनी एक जुनं कोडंही सोडवायला मदत केली. पीटर फॉक्स आणि मार्कस रेकल यांनी १९८६ साली मोजलं, की हाताच्या बोटांना उत्तेजना दिली की मेंदूच्या त्या भागातला रक्तप्रवाह २९ टक्क्यांनी वाढतो, पण प्राणवायूचा वापर ५ टक्क्यांनीच. एवढी उधळपट्टी कशासाठी? एरवी तर हा काटकसरी संसार! रिचर्ड बक्स्टन आणि लॉरेन्स फ्रँक यांनी १९९७ मध्ये उत्तर सुचवलं. पुणे-लोणावळा लोकल डोळ्यांपुढे आणा. समजा वर्दळ वाढली म्हणून रेल्वेने गाड्या वाढवल्या नाहीत, तर आहे त्याच गाड्या वेगात सोडल्या आणि प्रत्येक स्टेशनवरचा थांबा कमी केला. तासाभरात गाड्या जास्त जातील, पण प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्यांचं प्रमाण घटेल. कामशेतला चार माणसं जास्त उतरवायची तर गाड्या बऱ्याच जास्त सोडाव्या लागतील, आणि बरेच जण बसल्या जागी पुढे जातील. केशवाहिनीतून रक्त एखाद्या सेकंदात पार होतं. वेग वाढला की प्राणवायूला उतरायला वेळ कमी मिळतो. म्हणून थोड्या जास्त प्राणवायूसाठी पुष्कळ जास्त रक्त. सगळ्या शास्त्रज्ञांना हे उत्तर पुरेसं वाटत नाही, वाद चालू आहे. पण न उतरलेल्या या प्रवाशांमुळेच एक मोठी सोय झाली. प्राणवायू असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला वेगवेगळा प्रतिसाद देतं. त्यावरून सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं, की एमआरआय यंत्रात मेंदूचा कोणता भाग कामाला लागला आहे ते सुई न टोचता बघता येईल. ओगावा कुठे नोकरीला होते ठाऊक आहे? बेल लॅबोरेटरीजमध्ये. म्हणजे पुन्हा टेलिफोन कंपनीच!

आता शेवटचा हिशेब, आणि माझ्या मते सगळ्यांत निकडीचा. पुरवठा म्हणजे प्रवाह गुणिले रक्तातला प्राणवायू, हे आपलं बाळबोध प्रारूप पुन्हा घ्या. रक्तातला प्राणवायू श्वासाने वाढत नाही, हे पाहिलं. मग तो कमी-जास्त कशाने होतो? हिमोग्लोबिनने. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. अशा एका बाईचं हिमोग्लोबिन ८ आहे असं धरू. बोटाला चिमटा लावला तर तो ९८ दाखवेल आणि घरचे म्हणतील, सगळं उत्तम आहे. चिमटा खोटं बोलत नाही. गाडीतल्या जागा किती भरल्या एवढंच तो सांगतो, डबे किती आहेत ते सांगत नाही. आठ गुणिले १.३४, म्हणजे जवळपास ११ मिलिलीटर. २०च्या जागी ११! प्रवाह तेवढाच राहिला, तर एरवी रक्तातला ३५ टक्के प्राणवायू काढून घेणाऱ्या तिच्या मेंदूला आता ६० टक्क्यांहून अधिक काढावा लागेल. खाचराच्या खालच्या बांधाला पाणी पोचणार नाही. म्हणून शरीर प्रवाह वाढवतं. हृदय जास्त धडधडतं, मेंदूच्या वाहिन्या रुंदावतात, आणि बसल्या जागी सगळं ठीक चालतं. बाई स्वयंपाक करते, शेतावर जाते, 'थोडा थकवा आहे' म्हणते. तिची सगळी राखीव ताकद रोजच्या जगण्यातच खर्च होत असते.

या बाईला दीर्घ श्वास घ्यायला सांगून अर्धा मिलिलीटरही मिळत नाही. हिमोग्लोबिन ८ वरून १२ वर गेलं, तर ५ मिलिलीटरहून अधिक मिळतात. त्यासाठी आरोग्य केंद्रातली रक्ताची साधी तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या लागतात. गोळीवर लगेच चहा घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू चालतं, उलट मदतच करतं. गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात फरक दिसत नाही, म्हणून पुष्कळ जणी त्या सोडून देतात. हिमोग्लोबिन चढायला काही आठवडे जातात, आणि ते पूर्ववत झाल्यावरही साठा भरून येईपर्यंत डॉक्टर गोळ्या काही महिने चालू ठेवायला सांगतात. फरक पडला की नाही, हे बोटाच्या चिमट्यावर कळणार नाही. एकवीरेच्या पायऱ्या चढताना पूर्वी कितव्या टप्प्यावर बसावं लागत होतं आणि आता कितव्या, यावरून तिला स्वतःलाच कळेल.